टिक फीव्हर बरा झाला, पण खंडू तांब्यावर तांब्या पाणी पितोय. किडनीचं काय?

कृष्णाकाठची | १४ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा कुत्रा खंडू. वय ४, वजन १९ किलो. जात विचारू नका. आई मारुतीच्या देवळामागची, बाप कोण ते तिलाच ठाऊक. मे महिन्यात दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जिना चढताना मध्येच बसला. हिरड्या पांढऱ्याफटक आणि शू काळ्या चहासारखी. हिमोग्लोबिन ४.८. रक्तात बबेसिया (गोचिडीतून येणारा परजीवी, टिक फीव्हर म्हणतात तो यानेच) निघाला, पुढच्या तपासणीत कळलं की गिब्सोनाय जातीचा. शेजारच्या गल्लीतल्या लॅब्राडॉरने रक्त दिलं (देव त्याचं भलं करो, त्याने नंतर आमच्या सोफ्याची उशी फाडली). मग अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन, दहा दिवस. माणसांच्या मलेरियाची गोळी कुत्र्याला म्हटल्यावर मेडिकलवाला प्रिस्क्रिप्शन उलटसुलट करून बघत होता. सोबत स्टेरॉइड होतं, ते कमी करत करत २० जूनला बंद केलं.

तर खंडू बरा झाला. मांजरांच्या मागे लागला, म्हणजे बराच म्हणायचा. पण गेला आठवडाभर पाणी, पाणी आणि पाणी. रात्रीतून दोनदा उठवून बाहेर न्यायला लावतो. काल रक्त तपासलं: क्रिएटिनीन १.९, युरिया ७८ (किडनीने गाळून टाकायची घाण रक्तात किती उरलीय, त्याचे हे आकडे). आमचे डॉक्टर म्हणाले, "जरा वाढलंय, महिन्याने परत बघू."

महिना थांबायचा धीर नाही. किडनी आजाराने गेली की औषधाने? भरून येते का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

उंडगा | १४ जुलै, रात्री १०:४१

लॅब्राडॉरला रक्ताच्या बदल्यात उशी. सौदा स्वस्तात पडला.
(दिवे घ्या. खंडू बरा होईल.)

शेपटीवाला | १४ जुलै, रात्री ११:०५

माझं स्पष्ट मत: ही औषधंच किडनी खातात. आमच्या शेरूला तीन वर्षांपूर्वी टिक फीव्हर झाला. दोन इंजेक्शनं दिली, दोन आठवड्यांच्या अंतराने. पहिल्याच वेळी तोंडातून लाळेच्या धारा, उलट्या. दुसऱ्यानंतर आठ दिवसांत क्रिएटिनीन ७ वर, आणि पंधराव्या दिवशी शेरू गेला. गोचिडीने मारला नाही, इंजेक्शनाने मारला. ताई, आता तरी औषधं बंद करा आणि पुनर्नवाचा काढा सुरू करा.

मांजरपक्ष | १४ जुलै, रात्री ११:१२

शेपटीवाला, वाईट वाटलं वाचून. पण काढ्याबद्दल असहमत. आधीच दुखावलेल्या किडनीवर अजून एक अनोळखी गोष्ट कशाला?

गुरांचा डॉक्टर | १५ जुलै, सकाळी ६:३०

ताई, मी निवृत्त पशुवैद्य. नोकरी बहुतेक गाईम्हशींत गेली, कुत्री घरच्या अंगणात बघितली. खंडूला मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे फक्त बोलणं समजा, उपचार नव्हे.

हा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि पेशी फुटतात. गुरांतही याचेच भाऊबंद असतात. लाल लघवी झाली की शेतकरी लगेच ओळखतो. गिब्सोनाय तर आपल्याच मुलखातला: १९१० साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तो पाहिला, मग कोल्ह्यांतही सापडला. किडनीला याचा मार सगळीकडून बसतो. रक्तच कमी, त्यात दाब उतरलेला, म्हणजे किडनीला प्राणवायू पुरत नाही. फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन किडनीतूनच गाळलं जातं; तुम्ही पाहिलेला काळा चहा तोच. आणि शरीर परजीवीशी लढताना जे प्रतिपिंडांचे गोळे बनतात, ते किडनीच्या गाळणीत अडकून बसतात. गाळणी फाटली की प्रथिनं लघवीत गळायला लागतात. हे शेवटचं काम चोरपावलांनी चालतं, कुत्रं उड्या मारत असतं तेव्हाही.

आता तुमच्या आकड्यांकडे. युरिया मी आत्ता बाजूला ठेवतो. बबेसियात पेशी फुटत असताना युरिया किडनीचा दोष नसतानाही चढतो. तुमचा रक्तक्षय मात्र आता संपला असेल, तर तो का चढा आहे हे बघायला हवं. क्रिएटिनीन १.९ या वजनाच्या कुत्र्याला जास्तच. पण लॅबने समोर माणसांची रेंज तर छापलेली नाही ना? क्रिएटिनीन फार उशिरा बोलतं, साधारण पाऊण किडनी निकामी झाल्यावर.

म्हणून माझा प्रश्न दुसराच आहे. लघवी तपासली का? कुणीच विचारलं नाही तुम्हाला?

शेपटीवाला, शेरूचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते बहुधा इमिडोकार्ब असावं. लाळ आणि उलटी ही त्याची ओळखीची खोड, म्हणून आधी अ‍ॅट्रोपिन देतात. डोस चुकला तर ते किडनीला इजा करतं, हे खरं. पण इंजेक्शनाच्या आधी शेरूची शू कोणत्या रंगाची होती, ते आठवतं का? खंडूला तर ते दिलेलंच नाही.

शेपटीवाला | १५ जुलै, सकाळी ९:१५

काळपट होती. दोन दिवस आधीपासून. आम्हाला वाटलं उन्हाने.

कृष्णाकाठची | १५ जुलै, सकाळी ९:४०

डॉक्टरकाका, रेंज ०.६ ते १.२ छापलीय आणि वर "पुरुष/स्त्री" असंही आहे. खंडूचं नाव मात्र "मास्टर खंडू". 🙂

लघवी तपासलेली नाही. मे महिन्यात रंगावरूनच सगळं ठरलं. आणि नमुना घ्यायचा कसा हो? तो तंगडी वर करतो ती तीन सेकंद, आणि मी वाटी घेऊन वाकले की मला वास घ्यायला येतो.

निमा_पुणे | १५ जुलै, सकाळी १०:०२

वाटी नको! लांब दांड्याचा डाव घे, वरणाचा असतो तो. त्याला मोडक्या झाडूचा दांडा सेलोटेपने बांध. पहाटेची पहिली शू, कारण तीच सगळ्यात घट्ट असते. मागून चालत राहायचं, बघायचंच नाही त्याच्याकडे, जणू तू झाडं बघायला आलीयेस. तंगडी वर गेली की पहिली धार सोडून डाव आत सरकवायचा. आधी दोन दिवस रिकामा डाव घेऊन नुसतं फिर, म्हणजे त्याला सवय होते. आमच्या सोसायटीत वॉचमनने विचारलं होतं, "मॅडम, काय शोधताय?"

नमुना तासाभरात लॅबमध्ये. जमलं नाही तर फ्रीजमध्ये, पण डबीवर नाव लिही. आमच्याकडे एकदा दिरांनी कोकम सरबत समजून...

उंडगा | १५ जुलै, सकाळी १०:०९

पुढे??

निमा_पुणे | १५ जुलै, सकाळी १०:११

वास आला वेळेवर.

माणदेशी | १५ जुलै, दुपारी १:३०

अवांतर: आमच्याकडं मेंढरांबरोबर सहा कुत्री. गोचिडीला रॉकेल लावायचे आजोबा. ती मरायची पण सोडायची नाही, आणि कुत्र्याची कातडी सोलायची. आता चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढतो.

गुरांचा डॉक्टर | १५ जुलै, दुपारी २:१०

माणदेशी, शाब्बास. रोज संध्याकाळी अंगावरून हात फिरवायचा: कानात, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. परजीवी रक्तात उतरायला गोचीड साधारण दोन दिवस चिकटून राहावी लागते. गिब्सोनाय कुत्र्यांच्या भांडणातूनही पसरतो, चावा-चावीत. रक्त देणाऱ्या कुत्र्याचीही तपासणी त्यासाठीच.

ताई, तीन गोष्टी करा. चोवीस तास पाणी मोजा. लघवीची घनता आणि प्रथिन-क्रिएटिनीन गुणोत्तर करून घ्या. आणि खंडू दिवसभरात काय काय खातो ते सगळं लिहा. सगळं म्हणजे घरातल्या इतरांनी दिलेलंही.

मांजरपक्ष | १५ जुलै, दुपारी ४:४५

गोचिडीचा विषय निघालाच आहे तर: ज्यांच्या घरी मांजरही आहे त्यांनी कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराजवळ फिरकू देऊ नका. मांजराला ते विष आहे. आमची सोनी दोन दिवस झटके देत होती.

उंडगा | १५ जुलै, दुपारी ४:५०

मांजरपक्षाने कुत्र्यांच्या धाग्यात शिरून पक्षाचा प्रचार केला, याची नोंद घ्यावी.

कृष्णाकाठची | १७ जुलै, रात्री ९:००

पाणी मोजलं. लिटरचा तांब्या घेऊन खूण केली. २ लिटर १०० मिली.

नमुना आज जमला, तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या दिवशी डाव बघून तो घरात पळाला. दुसऱ्या दिवशी डावात आलं, पण त्यानेच पाय मारला. आज पहाटे साडेपाचला, पाऊस भुरभुरत असताना, नाल्याच्या कडेला, सत्तर-ऐंशी मिली! मी इतकी खूश झाले की ओरडलेच. आईने विचारलं, डाव कुठला? मी म्हटलं, वरणाचा. आज घरात वरण झालेलं नाही.

खाणं: सकाळी पोळी-दूध, दुपारी भात आणि चिकन, रात्री कोरडं खाद्य. मटणाचं हाड आठवड्यातून एकदा. आणि आप्पा संध्याकाळी ओसरीवर बसतात तेव्हा त्यांच्याबरोबर बेदाणे. सांगलीचं घर, बेदाण्याला कमी नाही. आप्पा चार खातात, दोन त्याला देतात.

गुरांचा डॉक्टर | १७ जुलै, रात्री ९:१८

ताई, बेदाणे आजपासून बंद. आत्ताच, एकही नाही.

द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची किडनी अचानक बंद पाडतात. सगळ्यांची नाही, आणि किती खाल्ल्याने ते आधी सांगता येत नाही. एखादं मूठभर पचवतं, एखादं थोडक्यात आटोपतं. २०२१ पासून बोट टार्टारिक आम्लाकडे आहे. द्राक्षात ते असतं, आणि चिंचेतही. म्हणजे चिंचेची आमटी भातावर घालून देत असाल तर तीही बंद. कांदा-लसूणही नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात, आणि त्या खंडूने मुश्किलीने कमावल्यात.

पाण्याचं: किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं की जास्त समजायचं. १९ किलोला १,९०० झाले, हा २,१०० वर आहे. स्टेरॉइडमुळेही कुत्रं असंच पाणी पितं, लघवीत प्रथिनंही वाढतात. पण ते बंद होऊन चार आठवडे होत आले. आता त्याच्यावर ढकलता येणार नाही.

कृष्णाकाठची | १७ जुलै, रात्री ९:५५

आप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तासगावला बागेतून कुत्री हिंडतात दिवसभर, एक मेलेलं दाखव मला." मग काहीच बोलले नाहीत. बेदाण्याचा डबा त्यांनीच आत नेऊन ठेवला.

द्राक्षबागायतदार | १८ जुलै, सकाळी ७:३०

आप्पांचं खरं आहे, बागेत कुत्री असतातच. पण माझ्याकडचं एक पिल्लू शेडवर वाळत टाकलेला माल खाऊन तीन दिवसांत गेलं होतं. तेव्हा आम्ही ते फवारणीवर घातलं. आता काय ते कळायचा मार्ग नाही.

दूरदेशी | १८ जुलै, दुपारी १२:४०

बार्सिलोनाहून लिहितेय. इथे कुत्र्यांचा परजीवी म्हणजे लेशमानिया. आपल्याकडे बिहारमध्ये काळा आजार होतो त्याचाच भाऊ. तिथे तो वालुमाशी माणसाकडून माणसाकडे नेते, इथे साठा कुत्र्यांत. इथले डॉक्टर पहिल्या दिवशीच सांगतात की लेशमानियाची कुत्री बहुतेक करून किडनीनेच जातात, म्हणून लघवीचं गुणोत्तर आधी आणि रक्त नंतर.

आमचा ब्रूनो गाल्गो आहे, म्हणजे स्पेनचा शिकारी ग्रेहाउंड. त्याला आठवडेभर अँटिमोनीची इंजेक्शनं आणि मग वर्षाच्या वर अ‍ॅलोप्युरिनॉल. परजीवी दबला, पण एके दिवशी लघवीत झँथिनचे खडे निघाले, तेही त्याच गोळीमुळे! मग कलेजी बंद, सार्डिन बंद आणि गोळीचा डोस कमी. म्हणजे शेपटीवाला अगदीच चुकीचं म्हणत नाहीत, औषधही किडनीपर्यंत पोचतं. पण औषध दिलं नसतं तर ब्रूनो आज नसताच.

अजून एक. ब्रूनोचं क्रिएटिनीन धडधाकट असतानाही १.७ असायचं. या जातीत स्नायू जास्त, म्हणून आकडा वरच. आणि खंगलेल्या कुत्र्यात स्नायूच उरत नाहीत, तिथे १.३ सुद्धा गोड बोलून फसवतो.

गुरांचा डॉक्टर | १८ जुलै, संध्याकाळी ६:१०

दूरदेशी, फार चांगलं लिहिलंत. मे महिन्यात खंडूचंही वजन उतरलं असणार. म्हणजे आजचा १.९ कदाचित थोडा कमीच दिसत असेल.

कृष्णाकाठची | २१ जुलै, रात्री ८:३०

रिपोर्ट आला. घनता १.०१४. प्रथिन-क्रिएटिनीन गुणोत्तर १.३. सुईने मूत्राशयातून घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढले नाहीत. आमच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे रक्तदाब १६५ भरला. बबेसियाची पीसीआर पुन्हा केलीय. टेल्मिसार्टन (रक्तदाबाची गोळी) सुरू केलंय, दहा दिवसांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम परत.

डॉक्टरकाका, १.३ म्हणजे किती वाईट?

गुरांचा डॉक्टर | २१ जुलै, रात्री ९:०५

कुत्र्यात ०.२ च्या आत हवं, ०.५ च्या वर गळती धरायची. १.३ म्हणजे गळती आहे, पण धरण फुटलेलं नाही. एकाच नमुन्यावर निकाल लावू नका, दोन-तीन आठवड्यांनी परत करा. घनता १.०१४ सांगते की पाणी धरून ठेवायची ताकद कमी झालीय, म्हणूनच तो रात्री तुम्हाला उठवतो. पाणी कधीही तोडू नका. शू कमी व्हावी म्हणून रात्री भांडं उचलणारे लोक मी पाहिलेत.

आप्पांना सांगा, प्रथिनं गळणं हे गाळणीचं दुखणं. बेदाण्याचा मार नळ्यांवर बसतो. खंडूच्या रिपोर्टात गाळणीचं दुखणं स्पष्ट दिसतंय, आणि ते बबेसियाच्या खात्यात जातं. बेदाण्याने भर घातली की नाही, ते हा कागद सांगू शकत नाही.

दुखण्यावर माणसांच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. आयबुप्रोफेन तर नाहीच.

शेपटीवाला | २२ जुलै, सकाळी १०:३०

मग खाण्याचं काय? मांस बंद करून दहीभात?

निमा_पुणे | २२ जुलै, सकाळी १०:५२

दहीभात नको हो. आमच्या गोल्डीला एका काकांच्या सल्ल्याने दोन महिने दहीभातावर ठेवली, तर पाठीचा कणा मोजता येईल इतकी वाळली. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, फॉस्फरस आवरा, उपाशी मारू नका. हाडं, कलेजी, पनीर बंद. अंड्याचा पांढरा भाग, भात, दुधी, भोपळा, मोजकं चिकन. मग किडनीचं तयार खाद्य मिळालं, त्यावर ती अजून तीन वर्षं जगली.

कृष्णाकाठची | १२ ऑगस्ट, रात्री १०:१५

पीसीआर निगेटिव्ह. क्रिएटिनीन १.७, पोटॅशियम ठीक, गुणोत्तर ०.९. पाणी दीड लिटरवर आलंय. खंडू रात्री एकदाच उठवतो.

किडनीच्या खाद्याला त्याने तीन दिवस तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी आप्पांनी ओसरीवर बसून एकेक दाणा हातावर ठेवून भरवला. आता ते भांड्यातून खातच नाही ध्यान. संध्याकाळी सहाला आप्पांसमोर जाऊन बसतं.

शेपटीवाला | १३ ऑगस्ट, सकाळी ८:००

छान बातमी. काल संध्याकाळी जुनी फाइल काढली. शेरूची लघवी कुणीच तपासली नव्हती. मीही मागितली नव्हती.

कोरा_करकरीत | ३ सप्टेंबर, दुपारी ३:२०

नवीन सदस्य आहे. आमच्या पमीला परवा कानात तीन गोचिडी सापडल्या. ताप नाही, खाते नीट. घाबरायचं का? किडनी तपासू का?

माणदेशी | ३ सप्टेंबर, दुपारी ४:०५

आधी घर तपासा. कानात तीन म्हणजे भिंतीच्या फटीत, पायपुसण्याखाली, पोत्याखाली पोरंबाळं. एक मादी हजारांनी अंडी घालते.

गुरांचा डॉक्टर | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

घाबरू नका, दोन-तीन आठवडे ताप, हिरड्यांचा रंग आणि शूचा रंग बघत राहा. डॉक्टरांना विचारून गोचिडीची गोळी सुरू करा. कधी झटके आले असतील तर ते आधी सांगा. आणि पावसाळा आहे, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लस झालीय का तेही बघा. तो आजारही किडनीवरच जातो.

कृष्णाकाठची | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून. क्रिएटिनीन १.६, गुणोत्तर ०.४, घनता १.०२२, दाब १४०. पुण्याच्या डॉक्टरांनी किडनीच्या आजाराची दुसरी पायरी लिहिलीय, म्हणजे किडनी पूर्ववत नाही, पण चालतेय. गोळी सुरूच. पुढची तपासणी जानेवारीत.

उंडगा | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३४

आणि डाव?

कृष्णाकाठची | १९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आईने नवा आणला. जुन्यावर तिने नेलपॉलिशने "खं" लिहून तो बाहेर नळाजवळ टांगलाय.